ओट्यावरून चालणाऱ्या आक्का

शिरूरच्या आमच्या वस्तीत आक्का कधी जमिनीवरून चालत नसत. बाजाराला जाताना, चर्चला जाताना, घोड नदीवर धुणं घेऊन जाताना चालत असतीलच. पण आमच्या घरांच्या रांगेपुढच्या अंगणात त्यांचा पाय पडलेला कुणाला आठवत नव्हता. त्या चालायच्या ओट्यावरून. रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या जरा आधी, रांगेच्या टोकाच्या आपल्या घरातून त्या निघत, वहाणा काढून हातात घेत आणि सगळ्यांच्या दारांपुढून, सगळ्यांच्या संसारांमधून वाट काढत दुसऱ्या टोकाला पोचत. तिथे तांब्याभर पाणी मागून पीत आणि आल्या तशा परत जात.

"कुठं निघालात, आक्का?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "घर बघून येते."

घर म्हणजे अख्खी रांग.

तिला नवी वस्ती म्हणत. मी लग्न होऊन केंदूरहून तिथं आले तेव्हा वस्ती चांगली जुनी झाली होती, कौलांवर शेवाळ धरलं होतं. तरी नाव नवीच. मिशनच्या एका गोऱ्या साहेबानं विणकामाचा कारखाना काढला, त्यात सतरंज्या आणि चादरी निघू लागल्या, तेव्हा कामगारांसाठी त्यानं ही घरं बांधली. त्याच्या मुलखात म्हणे गिरणीच्या माणसांसाठी अशीच गावं आखून देत. दगडी जोतं, एकाला एक लागून घरं, दोन घरांत एकच भिंत. प्रत्येकाला पुढची खोली, मागची खोली आणि परसात एक लिंब. मध्ये विहीर, कडेला शाळा. आणि सगळ्या घरांपुढून, एकाच पडवीखालून जाणारा सलग ओटा. पावसात या टोकाचं माणूस त्या टोकाला कोरडं जात असे. निम्मी घरं ख्रिस्ती, निम्मी आमच्यासारखी हिंदू. पण ओट्यावर कुणाची हद्द कुठं संपते हे विचारायची सोय नव्हती, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं.

आक्का लहानपणी दुष्काळात आईबापांपासून तुटल्या आणि मिशनच्या अनाथ मुलींत वाढल्या. घरं बांधायला काढली तेव्हा त्या चुन्याच्या घाणीवर होत्या. बैल फिरे आणि पोरी मागून चुना लोटत. साहेब तिथं येऊन उभा राहायचा, आपल्या मोडक्या मराठीत काहीबाही सांगायचा. त्याची नक्कल आक्का फार छान करत. मान ताठ, हात पाठीमागे, नाकात आवाज: "मुलीनो, हा ओटा कोणाची नाही. हा ओटा सर्व लोकाची आहे." मग आपल्या आवाजात म्हणत, "ओटा पुल्लिंगी हाय हे त्या बाबाला मरूस्तवर कळलं न्हाई. पर बोलला ते खरं."

पुढं त्यांचं लग्न एका विणकऱ्याशी झालं आणि रांगेतलं शेवटचं घर त्यांना मिळालं. मी आले तेव्हा त्या विधवा होत्या. मुलगा पुण्याला दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. त्यानं एकदा आग्रह करून त्यांना नेलं, तर आठवडा भरायच्या आत त्या एस.टी.तून उतरताना दिसल्या. हातात तेच बोचकं, कपाळाला आठ्या.

"काय झालं, आक्का? करमलं नाही?"

"घर एकलं उभं हाय गं त्याचं. चारी बाजूंनी वारा. शेजारचा खोकला बी ऐकू येत न्हाई. झोप कशी लागावी माणसाला?"

मी नवी नवरी असताना त्यांनी मला रडवलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी ओट्यावर कुरडया वाळत घातल्या, चांगल्या भिंतीपासून कडेपर्यंत. संध्याकाळी आक्का आल्या, थांबल्या, लुगडं वर खोचलं आणि खाली बसून एकेक कुरडई उचलून बाजूला ठेवू लागल्या. पाऊल मावेल एवढी वाट करेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. सगळी रांग बघत होती. मी लाजेनं आत जाऊन रडले. आमचे हे मागावरून घरी आले तेव्हा त्यांना सांगितलं, तर ते हसत सुटले. "वाट तेवढी सोड," म्हणाले. "बाकी कशाला त्या हात लावायच्या नाहीत." ते खरंच होतं. आक्का कुणाच्या घरचं खात नसत, कुणाच्या घरात डोकावत नसत. जाता जाता एखादा शेरा मात्र मारत. "भाकरी करपली," किंवा "पोराचं नाक पूस," किंवा नुसतंच, "हं."

भांडण चालू असलं तर त्यांचा फार उपयोग होई. दोन बायका ओट्यावर हातवारे करत उभ्या असल्या की आक्का दोघींच्या मध्ये येऊन थांबत. बाजूनं जाणं त्यांना मंजूर नसे. "मला जाऊ द्या, मग भांडा." दोघींना मागं सरावं लागे. आक्का सावकाश, मिश्री लावलेलं बोट लुगड्याला पुसत, मधून जात. त्या गेल्यावर कुणी कुणाला काय म्हणालं होतं हे दोघींनाही नीट आठवत नसे.

प्रार्थनेलाही त्या सवलत देत नसत. एकदा नवे तरुण पाळक एका घरापुढं ओट्यावर लोकांना बसवून प्रार्थना करत होते. आक्का आल्या, वहाणा हातात घेऊन डोळे मिटून उभ्या राहिल्या. "आमेन" झालं, त्यांनी सगळ्यांच्या आधी मोठ्यानं आमेन म्हटलं आणि डोळे उघडून म्हणाल्या, "झालं न्हवं? मग सरका." पाळक स्वतः उठून बाजूला झाले.

कारखाना पुढं बंद पडला. बाजारात गिरणीच्या चादरी स्वस्त मिळू लागल्या, आमच्या मागावरचं सूत महाग होत गेलं. एके सकाळी माग थांबले ते थांबलेच. मिशननं राहती घरं राहत्या माणसांच्या नावावर करून दिली. माणसं कामासाठी पांगली. आमचे हे कापडाच्या दुकानात लागले. कुणी पुण्याला गेलं, कुणी दौंडला रेल्वेत.

आमच्या उजव्या हाताचं घर रिकामं झालं तेव्हा ते रघुनाथनं घेतलं. तो दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होता. क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून बायको कमळ इथं आणि तो तिथं, सुट्टीला एस.टी.नं येई. उंच, अबोल माणूस. कमळ निमोण्याची. हसरी पोर होती, दिवस गेलेले होते. आक्का जाता जाता तिच्यापाशी जरा जास्त थांबत. "जड उचलू नगं," म्हणत. रघुनाथला मात्र आमचा ओटा पहिल्यापासून चमत्कारिक वाटे. "वैनी, आमच्या दौंडला प्रत्येक क्वार्टरला आपापली भिंत," तो मला म्हणाला होता. "इथं म्हंजी फलाटावर राहिल्यासारखं वाटतंय."

कमळला मुलगी झाली, आणि बारशाच्या आधीच गेली.

काय झालं होतं ते आम्हा कुणाला नीट कळलं नाही. ताप आला आणि सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत पोर थंड पडली. रघुनाथ दौंडहून आला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानं रजा टाकली आणि घरी बसला. आम्ही बायका जाऊन येऊन होतो. ओटा एकच, पाणी आणायला निघालेली बाई जाता जाता टेकायची, नदीवरून आलेली टेकायची. वस्तीची रीतच तशी होती, कुणाला दुःखात एकटं सोडायचं नाही.

आणि एका सकाळी रघुनाथनं विटा उतरवून घेतल्या. आपल्या घरापुढचा ओटा दोन्ही बाजूंनी भिंत घालून बंद करायचा, वाट ठेवायची ती फक्त समोरच्या पायऱ्यांची, असा त्याचा बेत. त्यानं आमच्या बाजूनं दोरी लावली आणि पहिला थर घातला.

ही खबर रांगेच्या टोकाला पोचायला वेळ लागला नाही. आक्का भर सकाळी ओट्यावरून तरातरा आल्या आणि त्या पहिल्या थरावर फतकल मारून बसल्या.

"काय चाललंय?"

"भिंत घालतोय."

"ते दिसतंय. कुणाला इचारलं?"

"घर माझ्या नावावर हाय, आक्का."

"घर हाय. ओटा न्हाई. मी चुना लोटलाय ह्या ओट्याला. आज तू घालशील, उंद्या दुसरा घालंल. मग काय ऱ्हायलं?"

रघुनाथनं थापी खाली ठेवली. माणसं जमली. आमच्यातले बहुतेक आक्कांच्या बाजूचे होते. कुणी त्याला समजावलं, कुणी आवाज चढवला. त्यानं कुणालाच कारण सांगितलं नाही. "मला घालायची हाय," एवढंच म्हणत राहिला. शेवटी मान खाली घालून आत गेला.

आक्कांना त्याचा भरवसा नव्हता. आपण उठलो की हा दुसरा थर घालणार, अशी त्यांची खात्री. म्हणून दुसऱ्या दिवशी जेवण उरकून त्या आमच्याकडे पहाऱ्याला आल्या. पुढच्या खोलीत, कमळच्या आणि आमच्या मधल्या भिंतीला पाठ लावून, उघड्या दारातून विटांवर नजर ठेवून बसल्या. मी तांदूळ निवडत होते. दुपार शांत होती. मध्येच भिंतीपलीकडून बोलणं येऊ लागलं.

कुणीतरी बाई आली होती. "कसं गं झालं हे?" तिनं विचारलं. कमळ सांगू लागली. सकाळी पोर दूध प्याली, मग अंग तापलं, मग मी शेजारी हाक मारली. सगळं हळू आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाई हळहळली, "देवाची मर्जी," म्हणाली आणि गेली. थोड्या वेळानं दुसरी आली. "कसं झालं गं?" कमळनं पुन्हा सांगितलं. सकाळी पोर दूध प्याली, मग अंग तापलं, मग मी शेजारी हाक मारली. शब्द तेच, क्रम तोच. आवाज मात्र आणखी खाली गेलेला, पाठ म्हणून दाखवावा तसा. तिसरी आली तेव्हा मी सूप खाली ठेवलं. आक्कांकडे पाहिलं. त्यांनी विटांवरची नजर काढली होती. डोकं भिंतीला टेकून त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"सकाळी पोर दूध प्याली..." पलीकडून आलं.

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कष्टानं. बाहेर ओट्यावर गेल्या आणि हाक मारली, "रघुनाथ! ए रघुनाथ!"

तो बाहेर आला. चेहरा भांडणाच्या तयारीत.

"वाळू कुठं हाय तुझी?"

"का?"

"घाल भिंत. दोन्ही बाजूंनी घाल. माणसाच्या डोक्याच्या वर जाऊ दे, नुसती कमरेएवढी नगं. कमरेएवढीवरून बाया बोलत्यात."

मग त्याचे डोळे भरून आले आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. आक्कांनी तिकडं पाहिलंच नाही. त्या खाली बसल्या आणि विटा पाण्यात भिजवू लागल्या.

वस्तीत गोंधळ उडाला. काल ज्यांनी आक्कांच्या बाजूनं आवाज चढवला होता ते पुरुष येऊन विचारू लागले, "आक्का, हे काय? साहेबाचा ओटा ना?"

"साहेबाला काय इचारायचं ते मी वर गेल्यावर इचारीन," आक्का म्हणाल्या. "तुम्ही विटा द्या, न्हाईतर सावली सोडा."

विटा द्यायला आधी आमचे हे पुढं झाले, मग आणखी दोघं. भिंत उभी राहिली, पण तीही आक्कांच्या कटकटीशिवाय नाही. रघुनाथ इंजिनांचा माणूस, गवंडी नव्हे; भिंत एका अंगाला कलली. आक्कांनी वरचे थर उतरवून पुन्हा घालायला लावले. "भिंत घातलीस ते घातलीस, आन् वाकडी घालतोस व्हय? लोक म्हणतील, रांगेला कुबड आलं."

त्या दिवसापासून आक्का जमिनीवरून चालू लागल्या. संध्याकाळी आमच्यापर्यंत ओट्यावरून येत, मग वहाणा पायात घालून खाली अंगणात उतरत. गुडघे धरलेले, जोतं उंच; उतरताना त्या खांबाला धरत. कमळच्या घरावरून जाताना समोर बघत, दाराकडे मान वळवत नसत. पलीकडच्या घराच्या ओट्यावर पुन्हा चढत आणि वहाणा हातात घेत. परत येतानाही तसंच. मी एकदा म्हटलं, "आक्का, पाऊस आहे, आज राहू द्या." तर म्हणाल्या, "घर बघाय नगं?"

बाकीच्यांना मात्र त्यांनी बजावून ठेवलं होतं. कमळकडं कुणी विचारायला जायचं नाही. ती बोलावील तेव्हा जायचं.

रघुनाथची रजा संपली, तो दौंडला गेला. कमळ त्या दोन भिंतींच्या आत राहिली. पाणी भरायला सगळ्यांच्या आधी जाई. मला तिची चाहूल मधल्या भिंतीतून लागे, भांड्याचा आवाज, कडीचा आवाज. बोलणं नाही. मला काळजी वाटायची. मी आक्कांना म्हटलं, "अशानं पोरगी वेडी होईल. आपण काही करायला हवं." आक्का म्हणाल्या, "करतोयच की. गप ऱ्हातोय."

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी मी ओट्यावर वाती वळत बसले होते. आक्का खाली उतरून कमळच्या घरासमोरून चालल्या होत्या. कमळ पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. खूप दिवसांनी मी तिला उजेडात पाहत होते.

"आक्का," ती म्हणाली, "तुमचे गुडघे दुखत्यात. खालून कशाला जाता?"

"मग काय भिंतीतनं जाऊ?" आक्का म्हणाल्या.

कमळ हसली नाही, पण हसण्याच्या जवळ आली. "बसा घटकाभर," म्हणाली.

आक्का पायरीवर बसल्या. कमळ वरच्या पायरीवर. आक्कांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या. मला वाटलं, आता आक्का देवाचं काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, "नाव काय ठिवणार व्हतीस?"

माझ्या हातातली वात तशीच राहिली. आम्ही इतक्या जणींनी इतकं विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. बारसं झालं नव्हतं, म्हणून त्या पोरीला नाव असेल असं आम्हाला वाटलंच नाही.

"कुसुम," कमळ म्हणाली. आणि मग रडली. पाठ केलेलं सांगताना ती कधी रडली नव्हती. आता मोकळी रडली. आक्का तिच्या पायावर हात ठेवून बसून राहिल्या, अंधार पडेपर्यंत. त्या दिवशी त्यांची फेरी अर्धीच झाली. दुसऱ्या टोकाची बाई तांब्या घेऊन वाट बघत उभी होती.

कमळ हळूहळू बाहेर येऊ लागली. माझ्याकडे दळण घेऊन आली, मग विहिरीवर सगळ्यांबरोबर. पुढं तिला दोन मुलगे झाले. रघुनाथला क्वार्टर मिळालं तरी ती दौंडला गेली नाही. तोच जाऊन येऊन राहिला. भिंती त्यांनी पाडल्या नाहीत. कुणी पाडा म्हटलंही नाही. आक्कांचा भविष्याचा अंदाज मात्र खरा ठरला. वर्षा-दोन वर्षांत आणखी काही जणांनी भिंती घातल्या, त्यांना कमळसारखं काही कारण नव्हतं. आक्का जमेल तिथे ओट्यावरून, नाही तिथे खालून चालत राहिल्या. चढ-उतार वाढला तशा त्या थकत गेल्या.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. छातीत पाणी झालंय, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा पुण्याला न्यायला आला, तर नको म्हणाल्या. मग त्यांच्या घरी माणसांची रीघ लागली. अख्ख्या रांगेतून जन्मभर फिरलेली बाई. जो तो बघायला येई. "कसं वाटतंय, आक्का? कधीपासून? डॉक्टर काय म्हणाले?" आक्का सांगत. पुन्हा कुणी येई, पुन्हा सांगत. एक दिवस रघुनाथ सुट्टीला आला होता. त्याला त्यांनी जवळ बोलावलं.

"मला तुझ्या घरी नेऊन टाक."

"माझ्या? का, आक्का?"

"हितं सारखी माणसं. तुझ्याकडं भिंत हाय."

रघुनाथनं त्यांना दोन्ही हातांवर उचलून नेलं. वजन काहीच राहिलं नव्हतं. कमळनं दोन भिंतींच्या मधल्या ओट्यावर खाट टाकली होती. तिथं समोर फक्त अंगणापलीकडच्या लिंबाचा शेंडा आणि आभाळ दिसे. कमळनं सगळं केलं, अंग पुसणं, पेज पाजणं. आणि तिनं कुणाला फिरकू दिलं नाही. मुलगा येई, पाळक येत, बाकी कुणी नाही. तिथेच एका दुपारी, कमळ शेजारी बसलेली असताना, त्या गेल्या.

त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मला राहवेना, म्हणून संध्याकाळी मी भिंतीपाशी गेले आणि हळूच हाक मारली, "कमळ, आक्कांना बघून जाऊ का गं?"

पलीकडून कमळ भिंतीजवळ आली. "वैनी, आत्ता नको. आत्ताच डोळा लागलाय."

मी परतणार, तेवढ्यात आक्कांचा आवाज आला, अगदी बारीक. "कोण हाय गं?"

"शेजारच्या वैनी."

"काय म्हणती?"

"काही नाही. तुम्हाला बघायला आल्या होत्या."

"मी बरी हाय म्हणावं." मग श्वास घेतला. "सांज झाली. चूल पेटव म्हणावं तिला. धनी येईल आता."

कमळनं मला पुन्हा सांगितलं नाही. मी ऐकलंय, हे तिला माहीत होतं. मी घरात गेले आणि चूल पेटवली.